सोपानमामांचा लंब

रविवारी सकाळी गणिताचा वर्ग घेऊन मी घरी आले, की आमचे हे विचारतात, "आज काय झालं?" मी कुठलं प्रकरण झालं ते सांगायला लागते, तर म्हणतात, "ते राहू दे, किस्सा सांग." आता वर्गच तसा आहे, त्याला मी तरी काय करू! कुरुळीत एका हॉलमध्ये मी कंपनीत काम करणाऱ्यांना बाहेरून दहावीला बसवते. सगळे शिफ्टवाले, कामात पक्के, आणि भूमिती म्हटली की चेहरे पडलेले.

त्यात आमचे सोपानमामा. गावचेच, मुरलेले फिटर. त्यांच्या कंपनीत सुपरवायझरची जागा रिकामी होती. काम सगळं मामाच बघायचे, पण पद मिळायला दहावी पास लागते. बाकीचे विषय सुटले होते, गणितात मात्र दोनदा थोडक्यात दांडी उडालेली. "औंदा न्हाई जमलं तर जागा दुसऱ्याला जाईल बाई," असं पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं होतं.

*

त्याच दिवशी मी म्हटलं, "वहीत एक रेषा काढा, तिच्यावर बिंदू घ्या आणि त्या बिंदूतून लंब काढा."

मामांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला स्टीलचा गुण्या काढला, रेषेला लावला आणि रेघ ओढून मोकळे.

"मामा, गुण्या चालत नाही. फक्त कंपास आणि पट्टी."

मामांनी गुण्या उलटसुलट करून पाहिला. "का बरं? परवाच कॅलिब्रेशन झालंय ह्याचं. सर्टिफिकेट आणू का?"

*

मग लंबदुभाजक आला. मी सांगत होते, "कंपासमध्ये रेषाखंडाच्या निम्म्याहून जास्त अंतर घ्या."

मामांचा हात वर. "निम्म्याहून जास्त, म्हंजी किती?"

"कितीही."

"असं कसं बाई? ड्रॉइंगवर 'कितीही' लिहून आलं तर आमी ड्रॉइंग परत पाठवतो. प्लस-मायनस सांगा, किती कमी-जास्त चालंल ते."

मागच्या बाकावर लता बसते. परभणीची, वायरिंगच्या लाइनवर काम करते, जिभेला हाड नाही. ती म्हणाली, "मामा, मामी भाजीत मीठ टाकताना प्लस-मायनस बघतात का?"

"न्हाई ना. म्हणून तर भाजी रोज येगळी लागती."

हे मामींपर्यंत कोणी पोचवलं ते मी विचारलं नाही. पुढच्या रविवारी मामा उपाशीपोटी वर्गाला आले.

*

सराव परीक्षेत मामांचा लंब बघून मी गारच पडले. इतका नेमका लंब मला स्वतःला काढता येत नाही. पण कंपासचे कंस कुठेच दिसेनात.

"मामा, कंस कुठे गेले?"

"पुसले की. मार्किंगच्या रेघा तशाच ठेवून कुणी बनवलेला जॉब पार्टीला देतं का?"

मी कपाळावर हात मारला. अहो, मार्क त्या कंसांनाच असतात! दोन वर्षं हा माणूस बिनचूक लंब काढत होता आणि आपलेच मार्क आपल्या हाताने पुसत होता. मला हसू आवरेना आणि जीवही तुटला.

लताने त्यांचा खोडरबर जप्त केला. मामा थुंकी लावून बोटाने पुसायला लागले. शेवटी मी म्हटलं, "मामा, कंस म्हणजे इन्स्पेक्शन रिपोर्ट. जॉबबरोबर तो जायलाच पाहिजे."

हे पटलं. पुढच्या रविवारी वही उघडली तर सगळे कंस जागच्या जागी, आणि प्रत्येक कंसाखाली मामांची सही आणि तारीख.

*

परीक्षेतला किस्सा लताचा. पिंपरीच्या सेंटरवर तिचा नंबर बरोब्बर मामांच्या मागे आला होता. मामांचा बाक डुगडुगत होता. पेपर हातात आला तरी मामा लिहिनात. खिशातून कागदाची घडी काढली आणि वाकून बाकाच्या पायाखाली सारायला लागले. वर्गावरच्या मॅडम धावत आल्या.

"चिठ्ठी कसली लपवताय?"

लता सांगत होती, "कॉपी म्हणून पेपर काढून घेतला असता तर मामांचं सगळंच संपलं असतं."

मॅडमनी घडी उलगडली. आत बसचं तिकीट.

"पॅकिंग हाय मॅडम," मामा शांतपणे म्हणाले. "तुमची खुर्ची पण हलतीय. लावू का?"

*

निकाल लागला, मामा पास झाले. मार्कशीट घेऊन तडक कंपनीत गेले. ऑफिसातले साहेब मामांच्या मुलाच्या वयाचे. त्यांनी एकेक विषय बोटाने वाचत आणला आणि गणितापाशी थांबले.

"मामा, गणितात फक्त पस्तीस?"

"साहेब, पासिंगला किती लागतात?"

"पस्तीस."

"मग जॉब बरोब्बर साइजला बसलाय की. छत्तीस असते तर मीच रिजेक्ट केला असता."