शीलासाठी धरलेली मरळ

मरळ पाण्याबाहेरही बराच वेळ जगते, हे मला ठाऊक होतं. ती गवतातून चालू शकते, हे ठाऊक नव्हतं. डोहाच्या काठी उकंडा भोयाशेजारी मी ऐसपैस बसायला गेलो, बुडाच्या धक्क्याने त्याची बादली कलंडली आणि हातभर लांब मरळ, जणू आपल्याच अंगणातून, सळसळत डोहात उतरली.

जाळं झटकणाऱ्या उकंडाने आधी बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गुरुजी, बसाले अख्खा काठ होता ना?"

ती मरळ विकायची नव्हती. उकंडाची शीला बाळंतपणाला माहेरी आली आहे. त्यांच्या घरी अशा लेकीला बापाने स्वतः धरलेली मरळ खाऊ घालतात; बाजारातली चालत नाही. मोठी हवी, जुनी हवी, आणि मुंडकं लेकीचंच. त्यासाठी उकंडा आठवडाभर पाण्यात उभा होता.

त्याचा जन्म या डोहातच गेला. आधी पोहायला शिकला, मग चालायला, असं त्याची आई सांगायची. ढाणकीच्या बाजारात गिऱ्हाइकं माशांइतकीच त्याच्या थट्टेसाठी थांबतात. हल्ली टोपली लवकर रिकामी होते, कारण ती भरतच नाही. वरून कारखान्याचा नाला डोहाला मिळाला, तेव्हापासून पिल्लं मरतात आणि माद्यांच्या पोटात अंडी कमी.

अपराध झाकायला मी बोलू लागलो. "उकंडाभाऊ, कॉलेजवाल्यांनी इथले मासे तपासले ना? नाल्यातलं रसायन म्हणजे ठाण मांडणारा पाहुणा. एकदा माशाच्या अंगात शिरलं की निघायचं नाव नाही. मोठ्या माशाने छोटे गिळले, की त्या सगळ्यांचे पाहुणे याच्याकडे मुक्कामाला. जितकी जुनी मरळ, तितकी गर्दी. खाणारीच्या पोटातल्या लेकरापर्यंत पोचते ती."

"माह्या मायनं हेच खाल्लं, तवा मी झालो."

"तेव्हा नाला कुठं होता?"

उकंडा जाळ्याची गाठ सोडवत राहिला. मग म्हणाला, "त्या मरळीच्या जबड्याखाली बोराएवढी गाठ होती. मले वाटलं, मुंडकं फेकून देऊ. पन पोरगी मुंडक्यासाठीच बसली हाये."

"मग आता तिला काय देणार?"

"अंडे उकडून देतो. रुसन चार दिवस."

मला एकदम हायसं वाटलं. "म्हणजे मरळ सुटली ते बरंच झालं की!"

उकंडाने बादली उचलली.

"सुटली कोठी? त्याच पान्यात गेली ना."