पुनर्वसन क्रमांक दोनमधलं स्पॅनिश व्याख्यान

नानांनी हजेरीचा कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर चाळीस सह्या होत्या. समोर सतरंजीवर माणसं नऊ, आणि व्याख्यान अजून सुरूही झालेलं नव्हतं.

"नाना, सगळ्या सह्यांचं वळण एकच कसं?"

"मॅडम, गावाला अक्षर मीच शिकवलंय ना," नाना म्हणाले. ते निवृत्त प्राथमिक शिक्षक, आणि गावातलं व्याख्यान केंद्र तेच चालवायचे.

नव्वदच्या दशकात मी धुळ्याच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. विद्यापीठाचा बहिःशाल विभाग आम्हाला खेडोपाडी व्याख्यानाला पाठवायचा. बहिःशाल म्हणजे कॉलेजच्या भिंतीबाहेरचं शिक्षण. गावाने यादीतून विषय निवडायचा, आम्ही एसटीने जाऊन बोलायचं, आणि श्रोत्यांच्या सह्यांखाली वक्त्याने 'खरे आहे' अशी सही करायची. माझा विषय होता 'आधुनिक स्पॅनिश आणि कॅटलान साहित्यातील प्रमुख विषय'. मला स्पॅनिश येत नाही. जे वाचलं ते इंग्रजी अनुवादातून. हा विषय कोणी मागत नसे, म्हणून मी निर्धास्त होते. नानांनी मागितला, कारण बाकीच्या वक्त्यांच्या तारखा संपल्या होत्या.

गाव पारोळ्याच्या पुढे. धरणात बुडालेल्या गावातल्या लोकांसाठी वसवलेलं. पाटीवर नाव 'पुनर्वसन क्रमांक दोन'. निघताना आमच्या समन्वयक सरांनी बजावलं होतं, "तिथे मागच्या दोन्ही वेळा दहासुद्धा माणसं नव्हती. या वेळी चाळीसच्या खाली गेलं तर केंद्र बंद. खरा आकडा लिहा."

नानांनाही तसं पत्र गेलं होतं. "मॅडम, इथे प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटले. जुने शेजारी पार विखुरले. हे केंद्र गेलं तर गावाला एका सतरंजीवर बसायचं निमित्तच उरणार नाही." मला फार वाईट वाटलं. पण माझाही स्वभाव हेकट.

"खोट्या कागदावर मी सही करणार नाही, नाना. आधी बोलू तर द्या."

मी देवळापुढच्या माईकसमोर उभी राहिले आणि टिपणं काढली. स्पेनमधलं यादवी युद्ध, भाऊ भावाविरुद्ध. मग हुकूमशाही, आणि वर्षानुवर्षं तोंड न उघडणारी घरं. स्पेनच्याच एका प्रांतातल्या कॅटलान भाषेवर शाळेत, कचेरीत बंदी. ती लोकांनी चुलीपाशी जपली आणि पुढे पुस्तकात आणली. नऊपैकी दोघं पेंगत होते. मी पान उलटलं. चौथा मुद्दा होता 'धरणं', आणि त्याखाली जेमतेम एक ओळ. मी कुठल्या गावात उभी आहे आणि ती ओळ कशाबद्दल आहे, हे मला तेव्हा कुठे जाणवलं. वीस वर्षं शिकवून एवढीच अक्कल!

टिपणं मिटली. म्हटलं, "त्या देशात धरणांसाठी गावंच्या गावं पाण्याखाली गेली. लोकांना दुसरीकडे सरळ रेषेत घरं बांधून दिली. तिथल्या लेखकांनी त्यांच्याबद्दल लिहिलंय."

पेंगणारे सावरून बसले. नाना उठले आणि देवळाच्या लाऊडस्पीकरपाशी गेले. भोंग्याचं तोंड इतका वेळ कपाशीच्या शेतांकडे होतं. ते त्यांनी घरांकडे फिरवलं.

मी सांगत गेले. गाव सोडताना दाराची चौकट काढून नेणारा म्हातारा, नव्या घरात जुन्या घराची किल्ली सांभाळणारी बाई. एकेक दार उघडू लागलं. बायका हात पुसत आल्या. पुरुष सायकली टेकवून उभे राहिले.

एका म्हातारीने पुढे येऊन विचारलं, "बाई, त्यास्नं देऊळ उन्हाळामा दिखस का?"

"दिसतं, अक्का. पाणी उतरलं की चर्चचा मनोरा वर येतो."

"आमना देवळना कळस बी दिखस," ती म्हणाली आणि खाली बसली.

मागून एकाने विचारलं, "त्या लोके परत उनात का?"

"नाही आले. पण कोणाचं घर कुठे होतं, विहीर कुठे होती, ते सगळं लिहून ठेवलं."

मग माझं व्याख्यान संपलं आणि त्यांचं सुरू झालं. जुन्या गावात पिठाची गिरणी देवळाच्या डाव्या हाताला की उजव्या, यावर दोन म्हातारे हमरीतुमरीवर आले. अर्धं गाव एकाच्या बाजूने, अर्धं दुसऱ्याच्या. पण सगळे एकाच सतरंजीवर. नानांनी डोळे पुसले, चाळीस सह्यांचा जुना कागद फाडला आणि कोरा फिरवला. अक्कांनी अंगठा दिला. एकूण शेहेचाळीस.

दोन दिवसांनी समन्वयक सरांनी तो कागद उलटसुलट पाहिला. "मॅडम, पत्त्याच्या रकान्यात हे कुठलं गाव? आपल्या यादीत नाही. नकाशावर पण नाही."

मी पाहिलं. शेहेचाळीस जणांनी पत्ता जुन्या गावाचाच लिहिला होता. अक्कांच्या अंगठ्यापुढे नानांनीसुद्धा तेच लिहिलं होतं.

"ते पाण्याखाली आहे, सर."

"आणि आकडा?"

"खरा आहे."

सरांनी कागद टेबलावर सरळ केला. मग त्यांनी शिक्का मारला.

पुढच्या वर्षी नानांचा फॉर्म सगळ्यांच्या आधी आला. विषयापुढे लिहिलं होतं, 'स्पॅनिशच. मॅडमचा राहिलेला भाग.' तेव्हापासून मी कुठेही बोलायला गेले की माईक नंतर बघते. आधी भोंग्याचं तोंड कुठे आहे ते बघते.