तेलाच्या डब्यात बसलेला जिल्हा

वडिलांच्या जुन्या मोटारीच्या कार्बोरेटरवर मी हौसेनं चकचकीत, उघड्या जाळीचा फिल्टर बसवला. "कापसाच्या दिवसात हे कायले?" बायको म्हणाली. मी ऐकतो थोडाच! जिनिंग कारखान्यासमोर कापसाच्या ट्रॅक्टरांमागे अडकलो, जाळीवर रुईचा थर बसला अन् इंजिन गुदमरून बंद पडलं.

रुई खरवडली, चडफडत घरी आलो आणि माळ्यावर टाकलेला वडिलांच्या वेळचा, हवेतली धूळ तेलात धरून ठेवणारा फिल्टर काढला. झाकण उघडलं अन् बघतच राहिलो. तळाच्या तेलात राजूरच्या खाणीतल्या कोळशाची भुकटी, शेतांची माती, कापसाचे तंतू, सगळा जिल्हा बसला होता. इंजिनाकडे हवा नेणाऱ्या नळीत बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं.

लहानपणी याच गाडीत, याच हवेत, काचा खाली करून आम्ही भावंडं मागच्या सीटवर, कुठल्याच फिल्टरविना, गाणी म्हणायचो.