मी ओ दिली नाही

आमच्या कंपनीत नायिकेचं काम एक पुरुष नट करायचे. रूप देखणं, लुगडं नेसावं तर त्यांनीच. पण वय झालं आणि आवाज फाटला. मालकांनी तोड काढली: त्यांनी रंगमंचावर ओठ हलवायचे आणि मी विंगेत पडद्याआड उभं राहून बोलायचं. "वर्षभर बाहेर ब्र काढू नकोस, मग तुलाच उभी करतो," मालक म्हणाले. सतरा वर्षांची होते मी. उजेडात उभं राहायला मिळेल म्हटल्यावर काय, विहिरीत उडी मारायलाही कबूल झाले असते.

मी वरंधकडची. वडील लहानपणीच गेले, भाऊ मुंबईला गिरणीत. त्याला भाकऱ्या भाजून घालायला म्हणून मी गेले आणि नाटकात शिरले. गावात व्हायची ती शोभा झालीच. पाणवठ्यावर बायका आईला टोमणे मारायच्या. आई कुणाला उलटून बोलली नाही, पण मलाही दोन वर्षं तिने निरोप धाडला नाही.

मग कंपनीचा मुक्काम महाडला पडला. मीच निरोप धाडला, "एकदा येऊन बघ. मी काही वाईट करत नाही." एवढंच. आवाज माझा आणि अंग दुसऱ्याचं, हे कळवायची लाज वाटली. मूर्ख कुठली!

आई एवढी वाट चालत आली. पडद्याच्या फटीतून मला दिसली, बायकांच्या बाजूला, अगदी पुढे, ठेवणीतलं लुगडं नेसून.

तिसऱ्या अंकात नायिका रानात एकटी सापडते आणि हाक मारते, "आई, कुठे आहेस गं तू?" त्या दिवशी मी ती जीव ओतून मारली. तिथेच चुकलं.

आमच्या वाडीत घरं डोंगरावर विखुरलेली. एका टेपाडावरून हाक आली की दुसऱ्यावरून ओ द्यायचीच. हातातलं काम राहिलं तरी चालेल, ओ आधी. दिली नाही तर माणूस कड्यावरून गेलं असं समजून सगळी वाडी दरीत उतरायची.

आई ताडकन उठली. "ओऽऽ! हितं हाय गो बाय मी!"

मांडव हसायला लागला. नट बिचारे तोंड उघडं टाकून उभे. आई त्यांच्याकडे बघतही नव्हती, थेट विंगेकडे तोंड करून उभी होती. "कुठं हायस गो? ओ दे!"

मालकांनी माझं मनगट धरलं. नुसतं ओ म्हटलं असतं तरी सगळं बिंग फुटलं असतं. मालकांनी धरलं नसतं तर दिली असती का? खोटं कशाला बोलू, नसती दिली. आईने तिसऱ्यांदा हाक मारली. आवाज रडवेला झाला होता. मी नायिकेचं पुढचं वाक्य म्हटलं, शुद्ध पुणेरी, एक अक्षर न चुकता. टाळ्या पडल्या. आई खाली बसली.

पडदा पडल्यावर धावत गेले, तर तिची जागा रिकामी. वरंधच्या बायकांबरोबर ती अंक संपायच्या आतच निघाली होती.

मालक शब्दाला जागले. वर्षाच्या आत मी उजेडात आले. लोक मला बघायला येऊ लागले, माझ्या संवादांची फोनोची तबकडीही निघाली. त्यात ती हाकही होती. शिमग्याला भाऊ गावी गेला तो फोनो घेऊन. म्हाताऱ्या जिवाला बरं वाटेल, असं त्याला वाटलं. मलाही वाटलं, का नाही?

आई अंगणात तांदूळ पाखडत होती. भाऊ सांगत होता, हाक ऐकताना तिने सूप खाली ठेवलं नाही, नुसते हात थांबले.

"आवाज तिचाच हाय," म्हणाली. "पन ओ देत नाय ती. बंद कर रे."