शेवटच्या पाटीवरचे नाव

अंधेरीतील सरकारी कचेरीच्या फाटकाबाहेर, निळ्या ताडपत्रीखाली बसून, गेली सव्वीस वर्षे मी लोकांचे अर्ज लिहितो. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले. तथापि माझ्या मसुद्यात दुरुस्ती सुचवण्याची वेळ आजवर कोणत्याही कारकुनावर आली नाही, हे मी नम्रपणे परंतु ठामपणे नमूद करतो. माणसाची अडचण ऐकून घेऊन ती दीड पानात बसवणे ही एक विद्या आहे आणि ती आपल्यापाशी आहे, असे मी समजत आलो. हे लिखाण मात्र अर्ज नव्हे. याच्या शेवटी कोणाकडे काही मागणे नाही.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भावोजी, हिंदी सिनेमात फायटर होते. नायकाच्या जागी उडी मारणारा, काचेतून आरपार जाणारा, घोड्यावरून कोसळणारा तो फायटर. घोडा ही त्यांची खासियत. मूळचे मालवणकडचे, गावी घोडा पाहिला तो फक्त वरातीत. मुंबईला आल्यावर वर्सोव्याच्या वाळूत एका तबेलेवाल्याचे घोडे फिरवता फिरवता ते बसायला शिकले, आणि मग पडायला.

त्यांच्या उमेदीच्या काळात एक चित्रपट आला होता. उजाड माळ, अनोळखी घोडेस्वार, रुंद काठांच्या टोप्या आणि कमरेला पिस्तुले. इंग्रजीत ज्याला वेस्टर्न म्हणतात त्या धर्तीचा. त्यात लाकडी पुलावर एका स्वाराला गोळी लागते, त्याचा पाय खोगिराच्या रिकिबीत अडकतो आणि घोडा त्याला पुलाच्या टोकापर्यंत फरफटत नेतो. तो स्वार म्हणजे भावोजी. पडणे ठरलेले होते, पाय अडकणे ठरलेले नव्हते. कॅमेरा चालूच राहिला. दृश्य गाजले आणि भावोजींचा खुबा जन्माचा अधू झाला. पडद्यावर त्यांचे नाव आले नाही. त्या काळी नावांच्या पाटीवर ‘फायटर्स’ एवढा एकच शब्द येत असे आणि त्यात सगळ्यांना मावावे लागे.

गेल्या वर्षी एका कंपनीने तोच चित्रपट नव्याने काढायला घेतला. दिग्दर्शकाच्या हाताखाली काम करणारी एक मुलगी भावोजींचा पत्ता शोधत ताईच्या घरी आली. भावोजींनी स्टुलावर उशी ठेवून खोगीर केले, दाराच्या कडीला नाडी बांधून लगाम केला आणि तिला ते पडणे समजावून सांगितले. मुलीने सगळे मोबाइलवर टिपून घेतले. निघताना ती त्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, “दादा, ह्या वेळी शेवटी तुमचं नाव येणार. माझी जबाबदारी.”

भावोजींनी ही गोष्ट फक्त ताईला सांगितली. ताईने ती गल्लीला सांगितली.

चित्रपट लागायला तीन आठवडे असताना समीक्षकांसाठी आणि सिनेमावाल्यांसाठी एक विशेष खेळ झाला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी नेहमीप्रमाणे ताईकडे जेवायला गेलो, तर भाची मोबाइलवर आलेल्या पहिल्या प्रतिक्रिया मोठ्याने वाचून दाखवत होती.

“ऐका हां बाबा. ‘जुन्याची सर नाही, पण पुलाचा सीन एकदम झकास.’ हा दुसरा बघा, ‘पहिला तासभर मस्त झोपलो, घोड्याने उठवलं.’”

“घोड्याने उठवलं!” भावोजी मनापासून हसले. “आणि पुढं?”

“‘फाइटचं अवॉर्ड ह्यांनाच, लिहून ठेवा.’ तिघाचौघांनी हेच म्हटलंय. एक म्हणतो, ‘हिरोला काही मिळणार नाही, घोड्याला द्या.’”

“बरोबर आहे त्याचं,” ताई स्वयंपाकघरातून म्हणाली.

भाची थांबली. मग हळू आवाजात वाचू लागली, “‘जुन्या पिक्चरमध्ये हा सीन ज्याने केला तो माणूस कोण होता? कुणाला माहितेय का?’ खाली कुणीच उत्तर दिलं नाहीये, बाबा. मी देऊ?”

“नको गं,” भावोजी म्हणाले. “पिक्चर लागला की पाटीवरच वाचतील.”

त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे होते, ते पाहून मी गप्प बसायला हवे होते. परंतु मी विचारले, “भावोजी, नाव येणार हे त्यांनी कुठे लिहून दिले आहे?”

“पोरीने सांगितलंय ना तोंडाने.”

“तोंडाने सांगितलेल्या गोष्टींचीच रोज माझ्यापुढे रांग लागते. उद्या पुरस्कार मिळाला की तुम्हाला कोण विचारतो?”

“आता इथे कचेरी मांडू नकोस रे,” ताई म्हणाली.

“लिहू दे गं त्याला,” भावोजी म्हणाले. “वकीलसाहेबांचा हात शिवशिवतोय.”

सोमवारी मी भावोजींच्या वतीने कंपनीला अर्ज लिहिला. खरे सांगायचे तर माझ्या आयुष्यातला तो सर्वोत्तम मसुदा होता. पहिल्या पानावर पुलाची संपूर्ण हकीकत, दुसऱ्या पानावर नाव देण्याची मागणी. आणि अगदी शेवटी, प्रत्येक अर्जाला जे शेपूट मी लावतो तेच लावले: ‘सदर अर्जाचा निर्णय होईपर्यंत चित्रपटाचे प्रदर्शन तसेच पुरस्कारांसाठी त्याची शिफारस स्थगित ठेवण्यात यावी.’ भिंतीचा तंटा असो, नळजोडणी असो, स्थगितीची ओळ माझ्या हातून आपोआप उमटते. कोणी स्थगिती देत नाही. पण मोठे मागितले म्हणजे लहान पदरात पडते, असा आमच्या फाटकाबाहेरचा शिरस्ता आहे. दुसरा शिरस्ता प्रतींचा. कागदाची प्रत वरच्याला गेली की खालचा हलतो. म्हणून मी एक प्रत ‘माहितीसाठी सविनय सादर’ असे लिहून पुरस्कार समितीलाही पाठवली.

भावोजींना जवळचे दिसत नाही. सही करण्यापूर्वी त्यांनी विचारले, “यात त्या पोरीला वाईट वाटेल असं काही नाही ना रे?”

“भावोजी, माझ्या हातचा कागद आहे,” मी म्हणालो.

त्यांनी सही केली.

पुढच्या रविवारी ती मुलगी आली. या वेळी ती पाया पडली नाही. तिच्या हातात माझ्या अर्जाची झेरॉक्स होती आणि शेवटच्या ओळीखाली कोणीतरी लाल रेघ मारलेली होती.

“दादा, तुम्हाला पिक्चर थांबवायचा होता?”

“थांबवायचा?” भावोजी उठून उभे राहिले. “मी कशाला थांबवीन?”

मग तिने ती ओळ वाचून दाखवली. भावोजी माझ्याकडे पाहू लागले. मी तिला समजावून सांगितले की ही केवळ पद्धत आहे, अशी ओळ प्रत्येक अर्जात असते, तिचा अर्थ तसा घ्यायचा नसतो.

“तुमच्या कचेरीत नसेल घेत, काका. आमच्या वकिलाने घेतला. अवॉर्डवाल्यांनी विचारणा केली, कसला वाद आहे म्हणून.” तिचे डोळे भरून आले होते. “दादांची पाटी वेगळी होती. काळ्यावर पांढरं, एकट्याचंच नाव, ‘पुलावरचा पहिला स्वार’ म्हणून. मीच बनवली होती. समीक्षकांच्या त्या खेळाला ती तयार नव्हती एवढंच. आता वकील म्हणतात, ज्याच्याशी वाद त्याचं नाव ठेवायचं नाही. ठेवलं तर त्याचा दावा कबूल केल्यासारखं होतं.”

“अर्ज मागे घेता येतो,” मी म्हणालो.

“आता सगळं वकिलाकडून, काका.”

अर्ज मागे घेत असल्याचा अर्ज मी त्याच दिवशी लिहिला. त्याला कोणतीही ओळ जोडली नाही, कोणालाही प्रत पाठवली नाही. त्याचे उत्तर आले नाही.

चित्रपट लागला त्या शुक्रवारी आम्ही चौघे दुपारच्या खेळाला गेलो. ताई नको म्हणत होती. भावोजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता, त्यामुळे तिला पुढे बोलता आले नाही. पुलाचे दृश्य आले तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या. तो नवा तरुण भावोजींसारखाच पडला. खांदा आधी, मान आत, स्टुलावरून दाखवले होते अगदी तसाच. भावोजींचा हात माझ्या मनगटावर होता. घोडा पुलाच्या टोकाला पोहोचेपर्यंत त्यांनी तो घट्ट धरून ठेवला होता.

खेळ संपला, दिवे लागले, लोक उठले. भावोजी उठले नाहीत. नावे वर सरकत होती. भाची एकेक वाचत होती, कारण चुकून नाव काढायचे राहून गेले असेल अशी तिला आशा होती. शिंपी आले, सुतार आले, गाड्यांचे चालक आले, जेवण पुरवणारे आले. मग घोडे आले. पाच घोड्यांची पाच नावे होती.

“घोड्यांची नावं टाकली बघ,” भावोजी म्हणाले. “बरं केलं. आमच्या वेळी नव्हती टाकत.”

झाडूवाली बाई रांगेच्या टोकाशी थांबून होती. पडदा पांढरा झाल्यावर आम्ही निघालो.

घरी आल्यावर मी क्षमा मागण्यासाठी शब्द जुळवत होतो. परक्यांसाठी मी हजारो वेळा ‘क्षमा असावी’ लिहिले आहे. त्या दिवशी ते माझ्या तोंडून निघाले नाही. भावोजी कॉटवर बसले आणि म्हणाले, “तो तुझा कागद आहे का रे जवळ? पुलाचं लिहिलंयस ते वाच. शेवटचं नको.”

स्थळप्रत, म्हणजे आपल्याकडे ठेवायची प्रत, माझ्या पिशवीत होती. मी पहिले पान वाचले. पूल, धूळ, गोळीचा आवाज, रिकीब, घोड्याचा वेग. ताई दारात उभी राहून ऐकत होती. भावोजींनी डोळे मिटले होते आणि माझे वाक्य संपले की ते मान हलवत होते. मला वाटले, निदान एवढे तरी मी बरोबर केले आहे.

पान संपले.

“डावा पाय, रे,” भावोजी म्हणाले. “तू उजवा लिहिलायस.”

इतकी वर्षे त्या माणसाला मी डाव्या पायाने लंगडताना पाहत होतो. जिन्यावर मी स्वतः त्यांच्या डाव्या बाजूला राहत असे.

मी खिशातले पेन काढले. ‘उजवा’ खोडून वर ‘डावा’ लिहिले आणि नियमाप्रमाणे खाडाखोडीशेजारी सही केली. बाकीच्या प्रती जिथे जायच्या तिथे गेल्या होत्या. भावोजींनी कागद मागून घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि काही न दिसल्यामुळे घडी करून मला परत दिला.