द्राक्षाच्या बियांच्या गोळ्या

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीनंतर शाळा सुटली, मग पेन हातात आला तो सही करण्यापुरता. कुणाच्या हाती हे पडलंच तर चुका पोटात घालाव्यात. मला चार माणसांत बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

आमच्या मालकांच्या छातीत, हृदयाच्या शिरेत, जाळी बसवली, त्या वर्षाची ही गोष्ट. ते बेदाण्याचा टेंपो चालवायचे, ते बंद झालं. मी शेडवर बेदाणा निवडायला जायची. हिरवा वेगळा, पिवळा वेगळा, काळा पडलेला वेगळा. डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी दिली होती आणि ती चुकवायची नाही असं बजावलं होतं. ती गोळी मी रोज त्यांच्या तळहातावर ठेवायची. ते घ्यायचे, मी ग्लास उचलायची. त्या दिवसांत घरात एवढंच चालू होतं असं वाटतं.

धाकट्या नणंदबाई मलकापूरहून भावाला बघायला आल्या. त्या कुठल्याशा कंपनीच्या वस्तू घरोघर विकतात. पिशवीतून त्यांनी तेलाची बाटली काढली आणि गोळ्यांच्या तीन डब्या काढल्या.

"दादा, द्राक्षाच्या बियांचा अर्क हाय ह्यो. शिरा मोकळ्या हुत्यात, बीपी उतरतं, पायाची सूज जाती. आन् वैनी, ह्ये तेल तुमाला. हाताला लावा, केसाला लावा, पुऱ्या तळा."

शेजारच्या काकू उंबऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आगं, आपल्या द्राक्षाला बी कुठं हाय? सारा गाव बिनबियांची लावतोय. ह्ये तेल काय देठाचं काढलंया?"

सगळे हसले. मालकही हसले. दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदाच.

"वाईनची द्राक्षं येगळी आसत्यात, काकू," नणंदबाई म्हणाल्या. "रस काढला की चोथा ऱ्हातो. त्यातलं बी वाळवायचं आन् दाबून तेल काढायचं."

पैशाचं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "सवडीनं द्या. मी माझं घालून आणल्यात."

तेल खरंच चांगलं होतं. पातळ, फिकट हिरवं, वास जवळजवळ नाही. बेदाणा निवडून हात चिकट होतात, मग धुऊन धुऊन फुटतात. रात्री ते तेल लावलं की अंगात मुरायचं, पांघरुणाला लागायचं नाही. आठ-पंधरा दिवसांत बोटांच्या भेगा भरल्या. एकदा पुऱ्या तळल्या, त्यांनाही तेलकट वास आला नाही. पण शेंगतेलापेक्षा किती महाग, म्हणून परत तळणात घातलं नाही.

मालक गोळ्या घ्यायला लागले. सकाळी एक, दुपारी एक. थोड्या दिवसांनी दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दंडावर निळे डाग दिसले. मी डागाकडे बोट केलं तर म्हणाले, "कुठंतरी आपटलं आसंल." दिवसभर खाटेवर बसलेला माणूस कुठं आपटणार?

मग एके सकाळी दाढी करताना नाकातून रक्त सुरू झालं. नाक दाबून बसले तरी थांबेना. टॉवेल भिजला. मी दुसरा दिला. तव्यावर भाकरी होती ती उलटली, गॅस बंद केला आणि शेजाऱ्यांची गाडी बोलावली. पिशवीत फाईल टाकली, पाण्याची बाटली टाकली, दुपारची द्राक्षाची गोळी चुकू नये म्हणून तिची डबीही टाकली. मिरजेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. द्राक्षबागा जात होत्या. मला भीती वाटायला हवी होती, पण वाटत नव्हती.

दवाखान्यात नाकात कापूस भरला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आमच्या गोळ्यांशिवाय आणखी काही औषध घेता का?"

"न्हाई," मालक म्हणाले.

"आयुर्वेदिक, काढा, काही?"

"काय न्हाई ओ म्याडम. तुमच्याच गोळ्या."

ते खोटं बोलत नव्हते. मलाही तोवर तसंच वाटत होतं. पण बाई 'काही' म्हणाल्या तेव्हा माझा हात पिशवीत गेला. डबी काढून मी टेबलावर ठेवली.

बाईंनी ती फिरवून वाचली. "आणि हे काय?"

"त्ये औषध न्हाई," मालक नाकातल्या कापसातून म्हणाले. "द्राक्षाचं हाय त्ये. आमी जलमभर द्राक्षं खातोय."

सिस्टर हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी सावकाश सांगितलं. मूठभर द्राक्षं वेगळी आणि ढीगभर बियांचा अर्क एका गोळीत भरलेला वेगळा. या अर्कानं काहींचं बीपी थोडं उतरतं, पायाची सूज कमी होते, असं म्हणतात. पण त्यानं रक्तही पातळ होऊ शकतं. तुमची गोळी तेच काम करते, दोन्ही मिळून रक्त थांबेनासं होईल. आज नाकातून आलं, उद्या डोक्यात आलं तर कुणाला दिसणारही नाही. हे बंद करा, आमची गोळी मात्र चालू ठेवा. मी डबीकडे बोट केलं आणि हाताला तेल चोळल्यासारखं केलं. बाईंना कळलं. म्हणाल्या, "तेल हाताला लावा, काही होत नाही. जेवणातही चालतं. पण तेलच आहे, औषध समजू नका."

घरी आल्यावर सगळं संपलं असं मी धरलं होतं. पण एका डबीतल्या गोळ्या कमी होत होत्या. पाय जड झाले की ते एखादी घ्यायचे. मी डबी पिठाच्या डब्यामागं ठेवली, ती त्यांनी शोधून काढली. हिरड्या परत लाल दिसल्या.

मी म्हणाले, "आवं, टाका की त्या."

"टाकायला आपल्या हायत व्हय? पैसं दिलंस का तू? भणीनं पदरचं घालून आणल्यात. तिचा माल उकिरड्यावर टाकू?"

नणंदबाईंना फोनवर कळलं तेव्हा त्या रडल्या, मग चिडल्या. "माझ्यामुळं दादाचं रगात गेलं, आसंच म्हणायचंय ना तुमाला?" कंपनी माल परत घेत नव्हती. शेवटी त्यांनीच फोन ठेवला.

मग मी शेडवर जास्तीची पाळी धरली. हंगाम जोरात होता. मालक झोपले की डबी हलवून बघायची, किती उरल्यात ते आवाजावरून कळायचं. डबी हलवताना काही वाटायचं नाही, दूध उतू गेलं का बघावं तसं. गोळ्यांचे आणि तेलाचे थोडे थोडे पैसे जमले की जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर मलकापूरला पाठवले. शेवटचे द्यायला मी स्वतः गेले, विट्यावरून एसटीनं.

नणंदबाई दारात उभ्या होत्या. पैसे घेताना माझ्याकडे बघितलं नाही.

"दादा आजून घेतोय व्हय त्या?"

"घेत्यात मधनंमधनं. तुमचा माल टाकवत न्हाई म्हणून."

त्या खालीच बसल्या. म्हणाल्या, "येडा हाय त्यो. ल्हानपणापास्नं येडा." मग फोन लावून माझ्या हातात दिला.

"दिलं सगळं?" मालकांनी विचारलं.

"सगळं. एक रुपाया बी ऱ्हायला न्हाई."

"मग टाकतो," ते म्हणाले.