दहा चिंध्या आत, दहा बाहेर

फौजेतून हवालदार म्हणून निघालो आणि पाचव्या महिन्यात सुरतेजवळ हजिऱ्याच्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून लागलो. काळ नव्वदच्या दशकाच्या मध्याचा. राहायला उधन्यात. कंपनीची बस सकाळी सव्वासहाला सुटायची, सातला गेटवर हजेरी. हाताखाली बारा माणसं आणि दोन दुनळी बंदुका. खाडीचा वारा खारट. तेलाचा हात दोन दिवस चुकला की लोखंडावर तांबूस ठिपके दिसायचे. मी रोज बोट फिरवून पाहायचो. गाडीच्या डिकीत पाहायचो, रजिस्टरमधल्या सह्या जुन्या सह्यांशी ताडून पाहायचो. माणसं पाठीमागे मला शंकासुर म्हणायची. मला माहीत होतं.

संशयाला कारण होतं, ते आधीच सांगतो.

नायक रघुनाथ कोळी माझ्याच तालुक्यातला, फौजेतही माझ्याच कंपनीतला. पूर्वेकडच्या डोंगरात पेट्रोलिंग करताना त्यांच्यावर फायर आला. रघुनाथची कार्बाइन चालली नाही. ती खोलून पाहत असतानाच त्याला गोळी लागली. नंतर चौकशी बसली. चेंबरमध्ये कापडाचा चेंगरलेला तुकडा सापडला, करंगळीच्या नखाएवढा. निष्कर्ष लिहिला गेला: शस्त्राच्या देखभालीत संबंधित जवानाची हलगर्जी. ती ओळ त्याच्या घरी गेली.

मी कंपनीचा कोत एनसीओ होतो. कोत म्हणजे शस्त्रागार. त्या दिवशी रघुनाथ रजेवरून पंधराशेला, म्हणजे दुपारी तीनला, पोचला आणि सतराशेला पेट्रोल निघणार होतं. म्हणून त्याची कार्बाइन मी स्वतः साफ केली. फौजेत नळीतून जे कापडाचे तुकडे ओढतात त्यांना चिंधी म्हणतात. माझा नियम होता, जितक्या आत तितक्या बाहेर. मी मोजल्या होत्या. चौकशीत सावधान उभा राहून मी हेच सांगितलं. आणि आणखी एक सांगितलं. सापडलेला तुकडा फ्लॅनेलचा नाही. आमच्या कोतमध्ये चिंधी फ्लॅनेलची असते. म्हणजे तो आमचा नाही, तो नंतर कोणीतरी घातलाय.

मेजरसाहेबांनी लिहून घेतलं ते एवढंच, की शस्त्र देताना स्वच्छ होतं असं कोत एनसीओचं बयाण आहे. दिलं तेव्हा स्वच्छ, मग घाण कोणी केलं? जवानानं. माझंच बयाण त्यांनी माझ्या दोस्तावर उलटवलं. मी तिथंच आवाज चढवला. त्यानंतर माझं प्रमोशन अडलं ते अडलंच. दारूगोळा खराब होता आणि तो झाकायला हे केलं, असं मी दहा वर्षं धरून बसलो. जो ऐकेल त्याला सांगायचो.

आता रिव्हॉल्व्हरकडे येतो.

कंपनीनं बत्तीस बोअरचं एक नवं रिव्हॉल्व्हर घ्यायचं ठरवलं. सिक्युरिटी मॅनेजर देसाईसाहेब. माणूस चांगला, पण घाईचा. त्यांनी पोलिसांच्या फायरिंग रेंजवर दुसऱ्या दिवशी सकाळी आठची वेळ आधीच घेऊन ठेवली आणि मला म्हणाले, "आज ताब्यात घ्या, साफ करा, उद्या पहिल्या सहा गोळ्या मी मारणार."

शहरातल्या बंदूकवाल्याकडे मी अकराला पोचलो. त्यानं काउंटरवर डबा ठेवला, वर एक चामड्याचं कव्हर ठेवलं. "आ फ्री. तमे फौजी छो एटले."

फुकट दिलं की माझा हात मागे जातो. "कव्हर राहू द्या. डबा माझ्यासमोर फोडा."

"सील तूटे पछी माल पाछो नहीं लेवाय, भाई."

"मग मी चाललो. वर्षभर कार्ट्रिज तुमच्याकडून जाणार की आजच्यापुरतंच दुकान मांडलंय?"

त्यानं कपाळाला हात लावला आणि सील फोडलं. नवं शस्त्र घट्ट ग्रीसमध्ये बुडवून येतं. मी बॅरलच्या तोंडात, सिलिंडरच्या सहाही भोकांत पाहिलं. ग्रीस शाबूत होतं. फायर झालेल्या शस्त्राच्या सिलिंडरच्या तोंडाशी जळकं कडं उमटतं, ते कुठंच नव्हतं. नंबर लायसन्सशी ताडला, तीनदा. मग कार्ट्रिजचे डबे पाहिले. दोन वेगवेगळ्या लॉटचे. मी ते परत सरकवले. स्टीलचा रॉडही परत सरकवला, तो नळी खरवडतो.

"एकाच लॉटचे द्या. आणि पितळेचा रॉड."

"कव्हर फ्री आपतो हतो तो ना पाडी, ने हवे आ!"

"कव्हर ठेवा तुमच्याकडे. रॉड द्या."

पितळेचा रॉड आतल्या खोलीतून निघाला. मी निघताना तो नोकराला म्हणाला, "बहु वहेमी माणस छे." वहेमी म्हणजे संशयी. मी ऐकलं. वाईट वाटलं नाही.

चौदाशेला गार्डरूममध्ये टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. कार्ट्रिज दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवले. साफसफाईच्या टेबलाजवळ एकही गोळी नको, हा पहिला नियम. सिलिंडर बाहेर काढून रिकामा असल्याचं मी पाहिलं आणि वानखेडेलाही पाहायला लावलं. वानखेडे माझा गार्ड, अमरावतीकडचा, जिभेला हाड नसलेला. त्याला मी फ्लॅनेल आणायला पाठवलं होतं. त्यानं पिशवीतून गुलाबी, पांढरे, झिरझिरीत तुकडे काढले.

"हे काय?"

"चिंध्या जी."

"सुती फ्लॅनेल सांगितलं होतं."

"अख्खं मार्केट पालथं घातलं. सुरतेत साडी भेटते, सुती चिंधी नाही भेटत. हे जॉर्जेट हाय. मऊ हाय पाहा ना."

"हे तेल पीत नाही, मूर्खा!"

"मंग एवढ्या कापडाच्या गावात राहून तुम्हीच एक फ्लॅनेल नाही ठेवलं काहून, साहेब?"

बाकीचे हसले. मी टेबलावर हात आपटला. पण सकाळी आठची रेंज होती. पांढऱ्यातले दहा तुकडे निवडले, दोन बोटं रुंद कापले, वर्तमानपत्रावर ओळीत मांडले.

काम साधं आहे, पण क्रमानं करावं लागतं. आधी रॉकेलचा ब्रश, म्हणजे ग्रीस सैल होतं. मग रॉडच्या भोकात चिंधी ओवून नळीतून आरपार. मग सहा चेंबर, एकेक. बाजूची पट्टी खोलायची नाही, ते आर्मररचं, शस्त्र दुरुस्त करणाऱ्याचं काम. सिलिंडर बंद करून हलवून पाहायचा, खेळ असता कामा नये. हॅमरखाली, एक्स्ट्रॅक्टरखाली जुना टूथब्रश. शेवटी पातळ तेलाचा हात, दिसेल न दिसेल इतका. जास्त तेल ठेवलं तर हजिऱ्याची धूळ त्यात येऊन बसते.

वापरलेली प्रत्येक चिंधी मी दुसऱ्या बाजूला ठेवत गेलो. शेवटी मोजल्या. दहा आत, दहा बाहेर. वानखेडेला म्हणालो, "मोज." त्यानं मोजल्या. "दहाच हाय जी." नखावर उजेड घेऊन नळीत पाहिलं. तेलानं चकाकत होती. चिंध्या पत्र्याच्या डब्यात घालून ठेवल्या. वापरलेल्या चिंध्याही मी फायर होईपर्यंत फेकत नाही. रिव्हॉल्व्हर कुलपात. वेळ सोळाशे दहा.

दुसऱ्या दिवशी साडेसातला रेंजवर. देसाईसाहेब नवे बूट घालून आले होते. फायरिंगच्या आधी नळी कोरडी करायची असते, तेल ठेवून फायर करायचं नाही. सात पन्नासला मी सिलिंडर खोलला, खिशातला सुती रुमाल फाडला, त्याचा तुकडा रॉडला लावला आणि तोंडाकडून आत सारला.

शेवटच्या दोन बोटांवर रॉड अडला.

"चालो ने हवालदार," देसाईसाहेब म्हणाले. "आठ वाग्या."

"थांबा."

मी रॉड हळू दाबला. मागून रुमालाच्या तुकड्यापुढे काहीतरी बाहेर आलं. तेलकट, पारदर्शक, बोटाला चिकटणारं. जॉर्जेटची लांबट पट्टी. तेल पिऊन ती नळीच्या अंगाला अशी चिकटली होती की काल उजेडातही दिसली नव्हती.

माझं डोकं फिरलं. वानखेडेची कॉलर धरली. "रात्री कुलूप कोणी उघडलं?"

"चावी तुमच्या करदोट्याले होती जी!"

"मग हे आत कोणी घातलं? काल दहा होत्या!"

"तुम्हीच तर मोजल्या. मी बी मोजल्या."

मी कॉलर सोडली. डबा आणलाच होता. जमिनीवर रुमाल पसरून चिंध्या एकेक उलगडल्या. दहा. नववी उचलली तर ती अर्ध्या रुंदीची होती. एक कड कातरीची, सरळ. दुसऱ्या कडेला धागे सुटलेले. रॉडच्या भोकात पीळ पडून ती उभी फाटली होती. अर्धी बाहेर आली, अर्धी आत राहिली. बाहेर आलेली मी एक म्हणून मोजली.

म्हणजे मोजणी बरोबर होती आणि नळीत कापड होतं.

मी अजून गुडघ्यावरच होतो. देसाईसाहेब वाकून म्हणाले, "हवे क्लिअर छे ने?" मी उठलो. रुमालाचे आणखी तीन तुकडे फिरवले, पांढरा कागद धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं, त्यांनाही पाहायला लावलं. मग शस्त्र साफ असल्याच्या प्रमाणपत्रावर सही केली. साहेबांनी सहा गोळ्या मारल्या. दोन लागल्या, चार मागच्या मातीत गेल्या. रिव्हॉल्व्हरमध्ये काही दोष नव्हता. वानखेडे टाळ्या वाजवत होता. मी कार्बाइनच्या चेंबरचा विचार करत होतो.

रघुनाथ पेट्रोलवर निघाला त्या दिवशी कोतमधलं फ्लॅनेल संपत आलं होतं. महिन्याचा माल खालून यायचा होता. शेवटच्या दोन चिंध्या मी माझ्या जुन्या बनियनमधून फाडल्या होत्या. हे मी विसरलो नव्हतो. पण मोजणी पुरी होती, म्हणून बनियनचा विचार करायची कधी गरजच वाटली नव्हती. चौकशीत बशीत ठेवलेला तो तुकडा मला दाखवला तेव्हा मी एक नजर टाकली आणि ओरडलो, हे फ्लॅनेल नाही. नव्हतंच.

त्याच दुपारी कोसाडला गेलो. रघुनाथची बायको सिंधूवहिनी आणि तिचे सासरे तिथल्या वसाहतीत एका खोलीत राहत. ती साड्यांचे धागे कापायचं काम घरी आणायची. मी दर दिवाळीला जायचो. तिनं साड्यांचा ढीग बाजूला केला.

"बसा भाऊ. चहा टाकते."

"आधी ऐका."

सगळं सांगितलं. रेंज, नववी चिंधी, बनियन. ती कातरी हातात धरून ऐकत होती.

"जॉर्जेट ओढलं की उभं सुटतंच," ती म्हणाली. "बनियनचं तसं नाही. ते कापलं की काठ गुंडाळतो आणि बारकी लड सुटते. तुम्हाला दाखवला तो तुकडा गुंडाळलेला होता?"

चौकशीत बसलेल्या तिघा अधिकाऱ्यांपैकी कोणी हे विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

"होता," मी म्हणालो.

तिनं कातरी खाली ठेवली. मग म्हणाली, "दहा वर्षं तुम्ही येता, मेजरला शिव्या देता. मी चहा देते. जाताना म्हणता, वहिनी, मी त्याला साफ बंदूक दिली होती. मला दर वेळी वाटायचं, मग आमच्या ह्यांच्याच हातून काहीतरी चुकलं असेल."

तिनं खाटेकडे बोट दाखवलं.

"बाबांना सांगा," ती म्हणाली. "मोठ्यानं सांगा. त्यांना कमी ऐकू येतं."

खाटेवर म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी जवळ उभा राहून सांगितलं. आवाज फौजी, गॅलरीत शेजारी जमा झाले. म्हातारा उठून बसला.

"मन्हा पोऱ्यानी चूक नही व्हती?"

"नव्हती, बाबा. चूक माझी होती."

"परत सांग."

मी परत सांगितलं. त्यानं गॅलरीतल्या लोकांकडे पाहिलं, सगळ्यांनी ऐकलं की नाही ते.

मी रेकॉर्ड ऑफिसला लेखी बयाण पाठवलं, तीन वेळा. पोच आली. कागदावरची ओळ अजून तीच आहे. म्हणून इथं लिहितो. माझ्या कंपनीत शस्त्र रघुनाथइतकं जपणारा दुसरा कोणी नव्हता. त्या दिवशी कोतच्या खिडकीतून मी कार्बाइन त्याच्या हातात दिली तेव्हा वेळ सोळाशे पंचेचाळीस. सवयीप्रमाणे त्यानं बोल्ट मागे ओढला आणि आत पाहायला कार्बाइन उजेडाकडे उचलली.

मी म्हणालो, "मोजल्यात मी. उशीर होतोय."

रघुनाथनं कार्बाइन खाली घेतली, मॅगझिन लावलं आणि लाइनीत जाऊन उभा राहिला.